माइक मुका झालाय? ते ४८ व्होल्टचं बटण बघा!

गॅदरिंगचा अनप्लग्ड राउंड. गिटार मस्त वाजतेय, पण गाणाऱ्याचा माइक मुका! केबल बदलून झाली, व्हॉल्यूम फुल्ल केला, तरी काही नाही. अशा वेळी छोट्या अकूस्टिक अ‍ॅम्पवरचं '४८ व्ही' लिहिलेलं बटण कुणाला आठवत नाही.

हीच फँटम पॉवर. कंडेन्सर माइकला चालायला वीज लागते, ती माइकच्याच एक्सएलआर केबलमधून जाते. नेहमीच्या डायनॅमिक माइकला ती लागत नाही, आणि केबल धड असेल तर बाधतही नाही. जुन्या रिबन माइकला मात्र यापासून लांबच ठेवा. आधी व्हॉल्यूम शून्यावर, मग माइक जोडायचा आणि मग बटण दाबायचं. नाहीतर स्पीकरमधून असा 'धप्प' आवाज येतो की पहिल्या रांगेतले सर दचकलेच म्हणून समजा!

आता इफेक्ट्स. बेडरूममध्ये प्रॅक्टिस करताना रिव्हर्ब भारी वाटतो, म्हणून आपण नॉब दणकून फिरवतो. पण कॉलेजचा हॉल मुळातच घुमतो. वर तुमचा रिव्हर्ब आला की गाण्याचे शब्दच कळत नाहीत. तिथे तो जेमतेम ठेवा. कोरस गिटारपुरताच बरा.

आणि हो, अ‍ॅम्प पाठीमागे ठेवून कंडेन्सरसमोर गाऊ नका, शिट्टी वाजणारच. अ‍ॅम्प पुढे सरकवा, माइक तोंडाजवळ घ्या. तरीही वाजली तर सरळ डायनॅमिक माइक लावा. कट्ट्यावरच्या गोंगाटात तसाही तोच बरा पडतो.