हिव, गारठा आणि भरताची आठवण

श्रोतेहो, थंडी म्हटली की सगळी एकच वाटते. पण आपल्या मायबोलीनं तिची अंगं वेगळी केली आहेत. पहाटे बरा वाटतो तो गारवा. ओल धरून हाडात शिरतो तो गारठा. जोर वाढला की कडाका. दातावर दात वाजले की हुडहुडी. ही हवेत नसते, माणसाच्या अंगात भरते. आणि या सगळ्यांचं जुनं नाव हिव. संस्कृतातलं हिम तेच मराठीत हिव झालं. त्यावरून हिवाळा, थंडी वाजून येतो तो हिवताप. हेमंत या नावातही तेच हिम आहे. मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर.

आपल्या रोहण्याकडे आणखी एक शब्द आहे, धुवारी. शहरातला माणूस धुकं म्हणतो आन् फोटो काढतो. इकडे तूर फुलावर असताना धुवारी आली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. फूल गळतं ना बाप्पा! पेपरवाले 'गुलाबी थंडी' लिहितात. लिहोत बापडे. ती शाल पांघरलेल्याची थंडी. रानडुकरांपायी वावरात जागलीला बसला आहे, त्याला विचारा तिचा रंग कोणता.

काकडा म्हणजे कापडाला पीळ देऊन तेला-तुपात भिजवलेली वात. आणि काकडणं म्हणजे थंडीनं कुडकुडणं. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात या, दोन्ही सापडतात. देवापुढे काकडा, आणि पायरीवर काकडणारी म्हातारी माणसं.

आता हिवाळ्याचं वर्णन कसं करावं, ते वाल्मीकींना विचारू. अरण्यकांडाचा 16वा सर्ग काढा. ठिकाण पंचवटी, म्हणजे आपलाच गोदाकाठ. पहाटेची वेळ. राम आणि सीता स्नानाला निघाले आहेत, मागून लक्ष्मण हातात कलश घेऊन चालला आहे. चालता चालता तो हेमंताचं वर्णन करतो. चंद्र कसा दिसतो? श्वास लागून आंधळा झालेल्या आरशासारखा. आरसा मळला असं नाही म्हटलं, आंधळा म्हटलं! या एका शब्दासाठी आनंदवर्धनानं ध्वन्यालोकात हा श्लोक उदाहरणाला घेतला. पुढे तहानलेला हत्ती सोंड पाण्याला लावतो आणि चटका बसल्यासारखी मागे ओढतो. पाणपक्षी काठावर बसले आहेत, पाण्यात उतरत नाहीत, भित्रा माणूस रणात उतरत नाही तसे.

इथवर झालं काव्य. पण बोलता बोलता लक्ष्मणाला भरत आठवतो. राज्य असून तो थंड भुईवर निजत असेल. या वेळी तोही शरयूवर निघाला असेल. इतका सुकुमार, त्या पाण्यात कसा उतरत असेल?

कोण म्हणतो हे? चित्रकूटावर भरताचं सैन्य येताना पाहून त्याला मारायला उठला होता, तोच लक्ष्मण! तिथं रामानं समजावलं, भरतानं पादुका मागून नेल्या, ते सगळं झालं. पण भरताचं अंग त्याला कळलं ते स्वतःच्या अंगाला हिव लागलं तेव्हा.

भरताच्या मायेपोटी मग त्याची जीभ कैकेयीकडे वळते. राम तिथंच थांबवतो. म्हणतो, मधल्या आईची निंदा नको, तू भरताचंच बोल. मग तिघंही गोदावरीत उतरली, पितरांना तर्पण केलं आणि उगवत्या सूर्याला हात जोडले.