शटरच्या आड दोनशे वॉट

टीव्ही युनिटचं ड्रॉइंग समोर ठेवलं की हल्ली बहुतेक घरांत मला एक सूचना ठरलेली मिळते: मुलाचा पीएस५ आत बसवा, आणि शटर लावलं की काही दिसायला नको. वायरी नकोत, डबे नकोत, रात्री लुकलुकणारे दिवे नकोत. नागपुरात मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते, आणि ही मागणी मला मनापासून पटते. हॉल एकच असतो. तिथेच पाहुणे बसतात, तिथेच आजी-आजोबा मालिका बघतात, कधीकधी देवघरही त्याच भिंतीला असतं. यंत्रांचा पसारा झाकावासा वाटणारच. पण ज्या कप्प्यात सेट-टॉप बॉक्स वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला, त्याच कप्प्यात गेमचा कन्सोल सरकवून शटर लावून टाकलं, तर ते चालत नाही. सेट-टॉप बॉक्स दहाएक वॉट वीज घेतो. पीएस५वर एखादा जड गेम सुरू असला की तो २०० वॉटच्या आसपास घेतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि कप्पा बंद असला की ती तिथेच साठत राहते.

पीएस५ नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आणि २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात विक्रीला आला. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, सोनीचे अभियंते यासुहिरो ओतोरी यांनी कॅमेऱ्यासमोर तो एकेक स्क्रू काढून उघडून दाखवला होता. टीव्ही युनिट करणाऱ्या प्रत्येकाने तो व्हिडिओ बघावा असं मला वाटतं. आत १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा आहे. तो दोन्ही बाजूंनी हवा ओढतो. त्याच्या शेजारी धातूच्या पातळ पात्यांचा भलामोठा गठ्ठा आहे. चिपची उष्णता त्या पात्यांत येते आणि पंख्याची हवा ती उचलून नेते. हे यंत्र एवढं अवाढव्य दिसतं त्याचं मोठं कारण हा गठ्ठाच आहे. हवा पुढच्या बाजूच्या फटींतून आत शिरते आणि मागच्या जाळीतून बाहेर पडते.

इथेच खरी मेख आहे. कन्सोलचा पंखा कन्सोलला थंड करतो, कपाटाला नाही. मागून निघालेली गरम हवा बॅक प्लायवर आपटते, वळते, बाजूच्या मोकळ्या जागेतून पुढे येते आणि पुन्हा त्याच फटींतून आत ओढली जाते. पाइप बाहेर न काढलेली स्वयंपाकघरातली चिमणी जशी तीच गरम हवा ओट्यावर परत सोडते, तसं हे होतं. आत येणारी हवाच तापलेली म्हटल्यावर पंखा वेग वाढवतो, आवाज वाढतो, आणि घरचे म्हणतात, आवाज येतोय, शटर नीट लाव.

आता थोडं गणित, कारण याशिवाय मिस्त्रीला भोक किती मोठं पाडायचं ते सांगता येत नाही. दोन फूट लांब, सोळा इंच खोल आणि एक फूट उंच असा कप्पा धरला, तर त्यात साधारण ७५ लिटर हवा मावते. २०० वॉट उष्णता बाहेर काढायची आणि कप्प्यातली हवा खोलीपेक्षा फार तर १० अंशांनी गरम होऊ द्यायची, तर सेकंदाला सुमारे १७ लिटर हवा त्यातून वाहायला हवी. म्हणजे कप्प्यातली सगळी हवा दर साडेचार सेकंदांनी बदलायला हवी. पाच अंशांवर थांबायचं असेल, तर याच्या दुप्पट. वायरी जाण्यासाठी मागे ठेवलेल्या दोन इंची भोकातून, तेही वायरींनी अर्धं भरलेलं असताना, हे व्हायचं नाही. आणि प्लायमधून उष्णता आपोआप झिरपेल म्हणावं, तर १८ मिलिमीटरचा प्लाय, वर सनमायका, हे उष्णता अडवणारंच साहित्य आहे.

आमच्याकडे उन्हाळा या हिशोबाची फार कठीण परीक्षा घेतो. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पीएस५ वापरण्यासाठी सोनीने दिलेली तापमानाची मर्यादा ५ ते ३५ अंश आहे. एसी २६वर लावला आणि कप्प्यात १० अंश चढले, की झाले ३६. म्हणजे खोलीत माणसं गारव्यात बसलेली असतात आणि शटरच्या आड यंत्राने मर्यादा ओलांडलेली असते. मग टीव्हीवर कन्सोल खूप तापल्याची सूचना येते आणि तो बंद पडतो. हा त्याचा बचाव आहे, चांगली सोय आहे. पण रोज तापणं आणि रोज थंड होणं, यात आतले बारीक जोड प्रसरण-आकुंचन पावत राहतात. २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६०ची कहाणी गेम खेळणाऱ्यांना माहीत आहे. दिव्याच्या कड्यावर तीन लाल चतकोर लागायचे आणि यंत्र कायमचं गप्प व्हायचं. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. तो दोष यंत्राच्या रचनेतला होता, कपाटाचा नव्हता. पण तापण्या-निवण्याच्या चक्राने आतल्या जोडांचं काय होतं, हे त्यातून साऱ्या जगाने पाहिलं.

म्हणून मी माप आधी यंत्राचं घेते, मग कप्प्याचं. सुरुवातीचा डिस्कवाला पीएस५ आडवा ठेवला तर ३९० मिलिमीटर रुंद, १०४ उंच आणि २६० खोल आहे. नंतर आलेला स्लिम ३५८, ९६ आणि २१६. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवा, असं सोनी सांगते. म्हणजे मोठ्या मॉडेलला आतून ३६ सेंटिमीटर खोली हवीच. सोळा इंची युनिटमध्ये शटर आणि बॅक प्लाय वजा जाता ३८ सेंटिमीटर उरतात, जेमतेम जमतं. हल्ली भिंतीला टांगलेले बारा इंची देखणे युनिट करतात, त्यात हा कन्सोल शटरमागे बसतच नाही, आणि तसं मी स्पष्ट सांगते. एक्सबॉक्स सिरीज एक्स ३० सेंटिमीटर उंच उभा डबा आहे आणि तो गरम हवा डोक्यावरून सोडतो. त्याच्या वर १० ते १५ सेंटिमीटर मोकळे ठेवले तर कप्पा दीड फुटाच्या घरात जातो. सिरीज एस छोटा आहे. त्याच्या अंगावरची काळी गोल जाळी हवा बाहेर टाकते. ती शोभेची समजून तिच्यावर रिमोट, वह्या, चष्मा ठेवलेला मी पाहिला आहे.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात सोपा उपाय मी आधी सुचवते: कन्सोलच्या कप्प्याला बॅक प्लाय लावूच नका. युनिट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे घ्या आणि मागची ती पोकळी वरून उघडी ठेवा. गरम हवा मागे पडते आणि भिंतीच्या कडेने वर निघून जाते. समोरून काही दिसत नाही. पुढून हवा आत यायला शटरखाली दीड इंचाची फट पूर्ण लांबीभर सोडायची, किंवा शटरच वेताच्या विणीचं करायचं. ही वेताची शटरं सध्या खूप चालतात आणि या कामाला फार चांगली आहेत: हवा जाते, रिमोटचा किरणही जातो, आणि आतलं यंत्र डोळ्यात भरत नाही.

युनिट भिंतीला चिकटलेलंच हवं असेल, तर पंखे लागतात. फूटभर उंचीच्या कप्प्यात गरम हवा वर चढण्याचा जोर फार थोडा असतो. नुसत्या भोकांच्या भरवशावर राहता येत नाही. मागच्या किंवा बाजूच्या फळीत वरच्या अंगाला १२० मिलिमीटरचे दोन पंखे, तोंड बाहेरच्या दिशेला. आत येण्याची वाट खाली, समोरून आणि पंख्यांपासून शक्य तितकी लांब. ती पंख्यांच्या शेजारीच दिली तर हवा तिथल्या तिथे आत-बाहेर करते आणि कन्सोलपर्यंत पोचतच नाही. पंख्याच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो तो मोकळ्यातला असतो. जाळी आणि अरुंद वाट आली की तो बराच घटतो, म्हणून मी एकाऐवजी दोन घेते. मोठा आणि संथ पंखा छोट्या वेगवान पंख्यापेक्षा शांत चालतो. पाच व्होल्टचे पंखे कन्सोलच्याच यूएसबीवर जोडले की कन्सोल सुरू झाला की तेही फिरतात, कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही. शेवटचं काम मिस्त्रीचं: पंखा आणि प्लाय यांच्यामध्ये रबराची पट्टी. ती नसेल तर सगळी फळी घुमते आणि रात्री दोन खोल्यांपलीकडे ऐकू येतं.

वायरींचं थोडक्यात सांगते. पीएस५चा कंट्रोलर ब्लूटूथवर चालतो, त्याला प्लाय अडवत नाही. आरशाचं किंवा पत्र्याचं शटर मात्र अडवतं. टीव्ही भिंतीवर आणि कन्सोल खाली असेल, तर भिंतीतला पाइप दोन इंची टाका. वीजवाले सवयीने पाऊण इंची टाकतात आणि एचडीएमआयचं तोंड त्यातून जात नाही. मग प्लास्टर झालेली भिंत फोडावी लागते. त्याच पाइपमधून नेटची केबलही घ्या.

उबदार, अंधारा, शांत कप्पा झुरळांनाही आवडतो. पावसाळ्यात तर हमखास. दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर उघडलेल्या एका कन्सोलमध्ये वीजपुरवठ्याच्या भागाजवळ झुरळांच्या अंड्यांची रिकामी टरफलं आणि करपलेले पाय चिकटलेले होते, पात्यांवर गोधडीसारखी धूळ बसली होती. म्हणून प्रत्येक भोकाला बारीक स्टीलची जाळी, आणि ती स्क्रूची, म्हणजे काढून धुता येते. जाळी धुळीने भरली की वारा अर्ध्यावर येतो. पीएस५च्या बाजूची पांढरी आवरणं हाताने निघतात. त्याखाली धूळ साठण्यासाठी मुद्दाम केलेली दोन भोकं आहेत. यंत्र बंद करून, वायर काढून, तिथे व्हॅक्यूमची नळी लावायची.

काम सोपवण्याआधी मी एक चाचणी घेते. लांब वायरचा साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो. त्याचं टोक कन्सोलच्या पुढच्या फटीजवळ चिकटवायचं, शटर लावायचं आणि मुलाला सांगायचं, तुझा सगळ्यात जड गेम तासभर खेळ. हे काम मुलं मोठ्या जबाबदारीने करतात. तासाने आतला आकडा आणि खोलीचा आकडा शेजारी लिहायचे. फरक सहा-सात अंशांत असला तर ठीक. दहाच्या पुढे गेला, तर मिस्त्री परत करवत काढतो आणि खालची फट रुंद होते. लिहिलेला कागद मी शटरच्या आतल्या बाजूला चिकटवते. एसी नसलेल्या खोलीत मात्र मे महिन्याच्या दुपारी शटर उघडून, पंखे लावूनही भागत नाही, कारण खोलीच चाळिशीला टेकलेली असते. तिथे खेळ संध्याकाळी, कूलरने खोली निवाल्यावरच, आणि कूलरचा ओला झोत युनिटवर येणार नाही अशा बेताने.