शाई कागद का खाते? (भागाचं शब्दांकन)

मोडी कागदांवरचा भाग ऐकून गोव्याच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "आमच्या घरी पणजोबांच्या वेळचे पोर्तुगीज कागद आहेत. अक्षरांच्या जागी भोकं पडलीत. वाळवी नाही, कसर नाही. मग हे खातंय कोण?"

उत्तर एका शब्दाचं आहे : शाई. हा प्रश्न मला जरा लागलाच, कारण असा एक कागद मी स्वतःच्या हातानं घालवलाय.

आमचं मूळ गाव बार्देशातलं. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचा एक जुना पोर्तुगीज कागद होता. अक्षरं तपकिरी झालेली, कडेला थोडी फुटलेली. आता हा जपायला हवा म्हणून मी तो घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि लॅमिनेट करून आणला. गरम रोलरमधून कागद बाहेर आला तेव्हा मधल्या दोन ओळींचे तुकडे सरकून एकमेकांवर चिकटले होते. त्यात हद्दीचा उल्लेख होता. आजही तो प्लास्टिकमध्ये आहे, पण वाचता येत नाही. दुकानदाराची काही चूक नाही. मी सांगितलं, त्यानं केलं.

आता ही शाई काय असते ते बघू. तिचे मुख्य घटक तीन : मायफळ, हिराकस आणि डिंक. मायफळ म्हणजे तेच, बाळगुटीत उगाळतो ते. ओकच्या झाडावर एक कीटक अंडी घालतो, तिथे गाठ येते, ती ही. तिच्यात टॅनिन भरपूर. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. दोन्ही पाण्यात एकत्र आले की फिकट द्रव होतो आणि हवा लागली की तो काळानिळा होतो. डिंक घालायचा तो दाटपणासाठी.

युरोपात कित्येक शतकं दस्तऐवजांची मुख्य शाई हीच होती, आणि पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली. ती लोकप्रिय का झाली? कारण ती कागदाच्या तंतूंत मुरते. पाण्यानं धुऊन जात नाही, खरवडली तर खूण राहते. खरेदीखताला याहून चांगलं काय हवं?

आपल्या मोडी दफ्तरांची शाई मुख्यतः काजळीची. काजळी म्हणजे कार्बन. तो कागदावर नुसता बसतो, त्याच्याशी भांडत नाही. म्हणून पेशवे दफ्तरातली अक्षरं आजही काळीभोर दिसतात. पाणी लागलं तर मात्र ती पसरू शकतात.

मायफळाची शाई कागदाला दोन बाजूंनी मारते. एक, शाई तयार होतानाच गंधकाम्ल बनतं आणि ते कागदातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. दोन, पुष्कळ जुन्या कृतींत हिराकस गरजेपेक्षा जास्त पडायचं. ते जास्तीचं मोकळं लोह हवेतल्या ऑक्सिजनला हाताशी धरून कागद जणू मंद जाळत राहतं. म्हणून आधी अक्षराभोवती तपकिरी वलय दिसतं, मग अक्षर मागच्या बाजूला उमटतं, मग तडा जातो, शेवटी अक्षरच गळून पडतं. एकाच पानावर मजकूर शाबूत आणि सही गळालेली असंही दिसतं. दोघांच्या दौती वेगळ्या!

यात आपलं काय पणाला लागलंय? पणजीचं अभिलेखागार 1595 साली सुरू झालं, पहिले रखवालदार इतिहासकार दियोगु दु कौतु. तिथली 'मोन्सोंइश दु रेइनु' ही मालिका म्हणजे मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोवा यांच्यात चाललेला पत्रव्यवहार. याच अभिलेखागारातल्या कागदांवरून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांचा इतिहास उभा केला. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचा एक मोठा साक्षीदार या शाईत बोलतो. आणि राहतो कुठे, तर जिथे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज 80 टक्क्यांवर जाते. तेवढ्या ओलीत मोकळं लोह आणि आम्ल शेजारच्या चांगल्या कागदात सरकू लागतं.

म्हणूनच पहिला सुचणारा उपाय इथे घात करतो. फाटलंय, तर खळ लावून पातळ कागद चिकटवा! पण ओल्या खळीबरोबर लोहही पसरतं. आज संवर्धक आधी चाचणी करतात. बाथोफिनॅन्थ्रोलिन नावाचं रसायन लावलेली कागदाची पट्टी किंचित ओलसर करून अक्षरावर दाबतात. गुलाबी झाली तर मोकळं लोह आहे. मग अतिशय पातळ जपानी कागदावर जिलेटिन आधीच वाळवून ठेवतात आणि चिकटण्यापुरताच ओलावा देऊन तो तड्यावर बसवतात.

मुळावरचा उपायही आहे. कडधान्यं भिजवून, मोड आणून खा, नाहीतर त्यातलं फायटेट लोह धरून ठेवतं, असं आहारतज्ज्ञ सांगतात ना? पोटात नडणारा तोच गुण इथे कामी येतो. 1990च्या दशकात नेदरलँड्समध्ये योहान नेव्हेल यांनी कॅल्शियम फायटेटची पद्धत विकसित केली. पान त्या द्रावणात बुडवलं की फायटेट मोकळ्या लोहाला जखडतं, नंतर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात आम्ल मारलं जातं. पण त्यासाठी बांधलेली वही उसवावी लागते, आणि फार तडकलेलं पान पाण्यात टिकेलच असं नाही. हजारो पानांच्या दफ्तराला हे कुठून जमणार? तिथे आर्द्रता आटोक्यात ठेवणं, पानं कमीत कमी हाताळणं आणि डिजिटल प्रती करणं, हेच आधी.

तर घरी असा कागद असेल तर एवढं करा. आधी दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढा. घडी घालू-उलगडू नका, आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा. कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेलं नको. सेलोटेप नको, इस्त्री नको, ऊन दाखवणं नको. गळालेले तुकडे झाडून टाकू नका, पाकिटात ठेवून कुठल्या पानाचे ते लिहा. पुढचं काम संवर्धकाचं.

आणि लॅमिनेशन? माझा कागद मी एका संवर्धक बाईंना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, "आधीचा फोटो आहे का?" नव्हता. तुम्ही मात्र आजच काढा. भेटूया पुढच्या भागात.