अमेरिकेची श्रीमंती कोणाच्या घरी?

मराठी घरांत अमेरिका बहुतेक वेळा फोटोंतून येते. भाच्याच्या नव्या घरापुढची हिरवळ, दारातल्या दोन गाड्या, नातवंडांच्या शाळेचं भलंमोठं मैदान. त्या फोटोंत खोटं काहीच नसतं. पण जानेवारी २०२४ मध्ये त्याच देशात एका रात्रीची अधिकृत मोजणी झाली, तेव्हा ७ लाख ७१ हजारांहून अधिक माणसं बेघर आढळली. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात हे कसं घडतं, असं विचारलं की ठरावीक उत्तरं ऐकू येतात. त्यांतली बरीचशी अर्धवट आहेत आणि काही साफ चुकीची. आपली मुलं जिथे शिकतात, कमावतात आणि नागरिक होतात, त्या समाजाविषयी तरी आपण ऐकीव मतांवर राहू नये.

गैरसमज १ : अमेरिका श्रीमंत आहे, म्हणजे अमेरिकन माणूस श्रीमंत आहे.

वस्तुस्थिती : दहा घरांची एक वाडी धरा. एका घरात ९१ तोळे सोनं आहे, उरलेल्या नऊ घरांत एकेक तोळा. सरासरी काढली तर घरटी दहा तोळे भरतात आणि वाडी सुखवस्तू दिसते. अमेरिकेच्या आकड्यांचं असंच होतं. फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत, कर्ज वजा करून कुटुंबाची सरासरी संपत्ती १० लाख ६० हजार डॉलरच्या आसपास होती. पण सगळी कुटुंबं चढत्या क्रमाने उभी केली, तर बरोबर मधल्या कुटुंबाकडे सुमारे १ लाख ९३ हजार डॉलरच होते. वरच्या १ टक्का कुटुंबांकडे देशातल्या एकूण घरगुती संपत्तीचा जवळजवळ ३० टक्के वाटा आहे. खालच्या निम्म्या कुटुंबांकडे सगळं मिळून २.५ टक्क्यांच्या आसपास.

इथे उत्पन्न आणि संपत्ती यांत गल्लत होऊ देऊ नये. पगार दर महिन्याला येतो आणि जातो. संपत्ती म्हणजे अडचणीत पाठ टेकायला असलेली भिंत. अमेरिकेत नोकरदारांचा आरोग्य विमा सहसा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की पगाराबरोबर विमाही जातो आणि त्याच महिन्यात आजारपण आलं, तर ज्याच्यामागे ही भिंत नाही तो कर्जात बुडतो.

गैरसमज २ : मेहनत केली की तिथे कोणीही वर येतो.

वस्तुस्थिती : ‘अमेरिकन ड्रीम’ हे शब्द जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराच्या १९३१ मधल्या पुस्तकामुळे घरोघरी पोचले. ते स्वप्न कितपत खरं ठरतं, हे दिल्लीत जन्मलेले आणि आता हार्वर्डमध्ये शिकवणारे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी यांनी लाखो कुटुंबांच्या कर-नोंदींवरून मोजलं. १९४० साली जन्मलेल्या अमेरिकन मुलांपैकी ९० टक्के मुलं पुढे आईवडिलांपेक्षा जास्त कमावू लागली. १९८० साली जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आलं.

त्याहून बोलका आहे तो पत्त्याचा परिणाम. सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या घरात जन्मलेलं मूल मोठेपणी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचण्याची शक्यता कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे भागात १२.९ टक्के होती, तर नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये ४.४ टक्के. शार्लटची मुलं काही कमी कष्टाळू नव्हती. शेजार, शाळा आणि वस्त्यांची विभागणी वेगळी होती. अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. महागड्या घरांच्या वस्तीत शाळेला पैसा मिळतो आणि स्वस्त घरांच्या वस्तीत अनेकदा शाळाही दुबळी राहते.

‘मग आपली माणसं कशी वर आली?’ हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो. त्यांचे कष्ट खरेच आहेत. पण १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिथे पोचलेले बहुसंख्य भारतीय हे चाळणीतून निवडलेले डॉक्टर, इंजिनिअर आणि संशोधक होते. त्यांच्यातल्या अनेकांचं शिक्षण इथल्या सरकारी महाविद्यालयांत, इथल्या करदात्यांच्या पैशावर झालं होतं. मिसिसिपीच्या गरीब खेड्यातल्या मुलाची तुलना त्यांच्याशी करून त्याला आळशी ठरवणं हा अन्याय आहे.

गैरसमज ३ : गरीब लोक काम करत नाहीत आणि सरकारी मदतीवर मजेत जगतात.

वस्तुस्थिती : केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे आणि ते जुलै २००९ पासून एका सेंटनेही वाढलेलं नाही. अनेक राज्यांनी आपापला दर वाढवला आहे, पण सगळ्यांनी नाही. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे एकही दिवस न चुकता काम केलं, तर या दराने हातात १५,०८० डॉलर येतात. तीन माणसांच्या कुटुंबाची सरकारी दारिद्र्यरेषा २०२४ मध्ये २५,८२० डॉलर होती. म्हणजे पूर्णवेळ राबूनही आई आणि दोन मुलांचं घर रेषेच्या बरंच खाली राहतं.

मदतीचं म्हणाल, तर बिल क्लिंटन यांच्या काळात १९९६ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून गरीब कुटुंबांना केंद्राच्या पैशातून मिळणारी रोख मदत सर्वसाधारणपणे आयुष्यात ६० महिन्यांपुरती असते आणि तिला कामाच्या अटी असतात. राज्यांना त्यासाठी मिळणारं अनुदान वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलर ठरलं. महागाई वाढत गेली तरी आकडा तिथेच राहिला. आजही ‘फूड स्टॅम्प’ म्हणूनच ओळखली जाणारी अन्नमदत २०२३ मध्ये सुमारे ४ कोटी २० लाख लोक घेत होते. त्या कार्डावर धान्य, दूध, भाज्या मिळतात. साबण, डायपर किंवा गरम तयार जेवण मात्र सहसा मिळत नाही. याला मजेचं जगणं म्हणवत नाही.

गैरसमज ४ : काळ्या-गोऱ्यांतली आर्थिक दरी हा जुना इतिहास आहे.

वस्तुस्थिती : २०२२ च्या त्याच पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती आणि मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. नुसत्या पगारातल्या फरकाने एवढी दरी पडत नाही. १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे बनवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने ‘धोकादायक’ म्हणून रंगवल्या. १९३४ पासून सरकारी हमीमुळे गृहकर्ज सामान्यांच्या आवाक्यात आलं, पण अशा वस्त्यांना ती हमी नाकारली गेली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्याने शिक्षण आणि घरकर्जाची सोय झाली. कागदावर ती सर्वांसाठी होती. प्रत्यक्षात अनेक कृष्णवर्णीय सैनिकांना बँका आणि महाविद्यालयं दारातूनच परत पाठवत.

घरांबाबतचा भेदभाव १९६८ मध्ये बेकायदा ठरला. तोवर गोऱ्या मध्यमवर्गाची घरं बांधून झाली होती आणि त्यांच्या किमती चढू लागल्या होत्या. आजोबांचं घर नातवाच्या शिक्षणाला कामी येतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ज्या आजोबांना घर घेऊच दिलं नाही, त्यांच्या नातवाच्या हातात काय येणार?

गैरसमज ५ : श्रीमंत कर भरतच नाहीत, किंवा सगळा कर तेच भरतात.

वस्तुस्थिती : दोन्ही विधानं अर्धी आहेत. केंद्रीय प्राप्तिकराचा साधारण ४० टक्के भाग वरचे १ टक्का लोक भरतात, हे खरं. पण प्राप्तिकर म्हणजे सगळा कर नव्हे. निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी प्रत्येक नोकरदाराच्या पगारातून पहिल्या डॉलरपासून ७.६५ टक्के कापले जातात. त्यातला निवृत्तिवेतनाचा ६.२ टक्के भाग २०२४ मध्ये १,६८,६०० डॉलरनंतर थांबत असे. म्हणजे सफाई कामगार पूर्ण पगारावर तो भरतो आणि कंपनीचा प्रमुख पगाराच्या छोट्या हिश्श्यावर.

अतिश्रीमंतांची कमाई मुख्यतः शेअरच्या वाढत्या किमतीतून होते. शेअर विकले नाहीत तर त्या वाढीवर कर नाही. खर्चाला पैसे हवे असतील तर शेअर तारण ठेवून कर्ज काढता येतं. मालक वारला की वारसांसाठी शेअरची मूळ किंमत त्या दिवसाच्या बाजारभावाची धरली जाते आणि आयुष्यभरातल्या वाढीवरचा प्राप्तिकर कायमचा पुसला जातो. वारसा कर आहे, पण २०२४ मध्ये १ कोटी ३६ लाख डॉलरपर्यंतची मालमत्ता त्यातून मोकळी होती. वॉरन बफे यांनी २०११ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की त्यांच्या कराचं प्रमाण १७.४ टक्के होतं आणि त्यांच्या कार्यालयातल्या लोकांचं सरासरी ३६ टक्के. त्यांनी कायदा मोडला नव्हता. कायदाच तसा आहे, हीच त्यांची तक्रार होती.

गैरसमज ६ : श्रीमंतांच्या दानाने सगळी भरपाई होते.

वस्तुस्थिती : अमेरिकन माणूस देणारा आहे, यात शंका नाही. २०२३ मध्ये तिथे सुमारे ५५७ अब्ज डॉलरचं दान झालं. त्यातला दोन-तृतीयांश वाटा व्यक्तींचा होता आणि सर्वांत मोठा हिस्सा, जवळजवळ पाव, धर्मसंस्थांकडे गेला. त्याच वर्षी निवृत्तिवेतनाच्या एकट्या सरकारी योजनेने १,३०० अब्जांहून अधिक डॉलर लोकांच्या हाती दिले. देशातलं सगळं दान एकत्र केलं तरी ते या एका योजनेच्या निम्म्यालाही पोचत नाही.

अँड्र्यू कार्नेगी यांनी १८८९ मध्ये लिहिलं, की श्रीमंताने आपली संपत्ती जिवंतपणीच समाजासाठी वाटून टाकावी. त्यांनी शब्द पाळला; जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयं त्यांच्या पैशातून उभी राहिली. पण १८९२ मध्ये होमस्टेड इथल्या त्यांच्या पोलाद कारखान्यात कामगारांनी वेतनकपातीला विरोध केला, तेव्हा खासगी शस्त्रधारी आणले गेले, दोन्ही बाजूंची माणसं मेली आणि संघटना मोडली. सहा वर्षांनी तिथेच कार्नेगींचं भव्य ग्रंथालय उघडलं. दिवसाचे बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा माणूस तिथे वाचायला कधी जाणार होता?

याउलट ज्यूलियस रोझेनवॉल्ड यांचं काम पाहा. सीअर्स या दुकान-कंपनीच्या या प्रमुखाने बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सोबतीने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळजवळ पाच हजार शाळा उभारायला मदत केली. त्यांची अट अशी, की काही वाटा गावकऱ्यांनी उचलायचा आणि सरकारनेही आपला पैसा घालायचा. गरीब कृष्णवर्णीय गावांनी पै-पै जमवून, अंगमेहनत करून तो वाटा उचलला. दान सरकारच्या जागी उभं राहिलं नाही. त्याने सरकारला त्याच्या कर्तव्यावर आणलं.

गैरसमज ७ : विषमता अटळ आहे, सरकारने काहीही केलं तरी फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : १९५० च्या दशकात सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकराचा दर ९१ टक्के होता. पळवाटांमुळे तो पूर्ण भरणारे थोडेच होते, तरी दर तो होता. १९८८ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला. २०१८ पासून ३७ टक्के आहे. १९५० च्याच दशकात जवळजवळ एक-तृतीयांश कामगार संघटित होते, आज दहातला एक. हे बदल निसर्गाने केले नाहीत, ते संसदेत आणि न्यायालयांत झाले.

उलट दिशेचा पुरावा तर अगदी ताजा आहे. २०२१ मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवली गेली. ज्यांचं उत्पन्न कर भरण्याइतकंही नाही, अशा घरांनाही ती पूर्ण मिळू लागली. जुलै ते डिसेंबर दरमहा सहा वर्षांखालच्या मुलामागे ३०० आणि मोठ्या मुलामागे २५० डॉलरपर्यंत थेट खात्यात आले. त्या वर्षी करोनाकाळातली इतर मदतही होती. सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी ५.२ टक्क्यांवर उतरली. वाढीव सवलतीची मुदत संपली, ती पुढे चालवायला संसदेत पुरेशी मतं मिळाली नाहीत आणि २०२२ मध्ये बालगरिबी १२.४ टक्के झाली.

एका वर्षात लाखो मुलं गरिबीतून बाहेर आली आणि पुढच्याच वर्षी परत ढकलली गेली. मधल्या काळात त्यांचे आईबाप आळशी झाले नव्हते आणि देशही गरीब झाला नव्हता. अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या माणसांच्या हातात आज तिथलं मत आहे. भाच्याचा फोन आला की घराबरोबर एवढंही विचारावं : तुझ्या गावातल्या दुसऱ्या टोकाची शाळा कशी आहे?