सोसायटीतलं जुनं झाड आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी



चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला झाडाचे भाग चालू होते. मूळ, खोड, फांदी लिहून झालं आणि एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या सोसायटीतला गुलमोहर काढणार आहेत. तो पडतो म्हणे." मी जरा गप्पच झाले, कारण आमच्या सोसायटीच्या सभेतही हाच विषय आहे.

भीती खोटी नाही. मे 2025 मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाडा रस्त्यावर वादळी पावसात झाड रिक्षावर पडलं आणि तीन जण गेले. त्यानंतर गेटजवळ मोठं झाड असलं की माणूस वर बघूनच चालतो. पण भीतीपोटी आपण जे करतो, त्याने झाड सुरक्षित होतं का? बहुतेक वेळा उलटंच होतं. ते कसं, हे आज समजून घेऊया.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक ठेकेदार आला. दोन माणसं कोयते घेऊन चढली आणि संध्याकाळपर्यंत गुलमोहराचा नुसता खांब उरला. "आता चार वर्षं बघायला नको," असं सांगून तो गेला. महिन्याभरात खांबाच्या टोकाला झुपक्याने फुटवे आले. आम्ही खूश, झाड जगलं! पण मूळची फांदी खोडाबरोबर वाढलेली असते, तिचा सांधा लाकडात खोलवर असतो. फुटवा मात्र सालीजवळून निघतो. तो भराभर वाढतो, जाड होतो, वजन वाढतं आणि पकड वरवरचीच राहते. त्यात खाली कापलेलं टोक सडत जातं. तीन-चार पावसाळ्यांनंतर वाऱ्यात मोडते ती नेमकी हीच फांदी.

झाडाची जखम आपल्या गुडघ्यासारखी भरून येत नाही, हे मलाही उशिराच कळलं. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून आतून पाहिली. झाड सडलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती जणू भिंती घालून त्याला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं, हे त्यांनी मांडलं. म्हणून घाव कुठे घालायचा याला फार महत्त्व आहे. फांदी खोडातून निघते तिथे सुजल्यासारखं एक कडं दिसतं. ते कडं शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापलं, तर झाड घाव नीट झाकतं. खोडाला घासून कापलं की कडं गेलं, आणि वीतभर खुंट ठेवला की तो सडतो. कापलेल्या जागी डांबर फासल्याने सडणं थांबत नाही.

जड फांदी एका दमात कापायची नसते. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडी चीर द्यायची. मग तिच्या किंचित बाहेर वरून कापून फांदी उतरवायची आणि शेवटी उरलेला खुंट कड्याबाहेर काढायचा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पालवी काढू नये. पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, हे तर आपण मुलांना शिकवतोच!

आता मुळांकडे येऊ. चित्रात आपण मूळ सरळ खाली काढतो, फळ्यावर मीही तसंच काढायचे. प्रत्यक्षात मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि झाडाच्या सावलीच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आपण खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो, पार्किंगसाठी काँक्रीट ओततो, आणि ड्रेनेजच्या पाइपसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडतो. वर झाड हिरवंगार दिसतं, पण खाली धरून ठेवणारं कमी झालेलं असतं. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये खोडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं, ते याचसाठी.

धोका ओळखायचा तर बुंध्याशी लाकडासारखी कडक अळंबी आहे का, झुकलेल्या झाडाच्या मागच्या बाजूची माती भेगाळली किंवा उचलली आहे का, दुबेळक्यात चीर आहे का, आंब्याच्या खोडातून भुसा पडतो का, हे बघा. भुसा म्हणजे आत भिरूड. नुसती ढोली मात्र घाबरण्यासारखी नाही. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो, आणि भोवतीचं लाकूड जाड असेल तर पोकळ झाडही पाइपसारखं उभं राहतं. ढोली आणि चीर यातला फरक जाणकारानेच पाहावा, वॉचमनने नव्हे.

परवानगीचंही सांगते. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. जागा सोसायटीची असली तरी झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडाला इजा करणंही त्यात तोडण्यातच धरलं आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असतात.

वर्गात आम्ही पुढच्या तासाला टेप घेऊन मैदानात गेलो. जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर मोजला, 212 सेंटिमीटर. तीनने भागून जाडी साधारण 70 सेंटिमीटर (चौथीला तेवढं पुरे). मुलांनी कडं शोधलं, सालीत रुतलेले तीन खिळे मोजले. घरी जाऊन आपापल्या सोसायटीतल्या झाडाभोवती मोकळी माती किती आहे ते मोजून आणायला सांगितलं. एकोणतीस वह्यांपैकी अकरा वह्यांत "शून्य" लिहून आलं.

आमच्या सभेत मी तोच तक्ता ठेवला. गुलमोहर काढायचा ठराव तूर्त थांबलाय. आधी जाणकाराकडून झाड तपासून घ्यायचं आणि बुंध्याभोवतीच्या फरशा काढायच्या, एवढं ठरलं. झाडाखालच्या दोन गाड्या कुठे लावायच्या यावर मात्र अजून वाद चालू आहे.