भिंतीवरचे अल्पिष्टनसाहेब
(जुन्या तसबिरी : लेखांक ७)

मागील लेखांकात देवादिकांच्या छापील चित्रांचा परामर्श घेतला. या खेपेस एका साहेबाच्या तसबिरीकडे वळतो. ती मला पुण्याच्या जुन्या बाजारात, भाता फाटलेली बाजाची पेटी आणि काळवंडलेल्या समया यांच्या संगतीत मिळाली. सागवानी चौकट, काचेआड ओलीने उमटलेले तपकिरी ठिपके, आणि मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने, मोडीत, तीनच शब्द : 'लाट अलपिष्टन गवरनर'.

चित्र मेझोटिंट पद्धतीचे आहे. इतर कोरीव कामात कारागीर स्वच्छ पट्टीवर रेघ ओढतो. येथे क्रम उलटा. तांब्याची अथवा पोलादाची पट्टी दंतुर हत्याराने सर्व अंगाने आधी खरबरीत करतात, इतकी की त्या अवस्थेत शाई भरून छापली तर कागदावर केवळ मखमली काळोख उतरावा. मग जेथे कपाळ उजळायचे, जेथे गळपट्टीची घडी पांढरी दिसायची, तेथे तेथे तो खरबरीतपणा खरवडून, घोटून गुळगुळीत करावयाचा. भिंग लावून पाहिले तर साहेबांच्या गालावर एकही रेघ सापडत नाही. काळोख विरत विरत गाल होतो, एवढेच.

परंतु हे साहेब कोणते? मुंबई इलाख्यास या आडनावाचे गव्हर्नर दोन लाभले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९ ते १८२७) हे काका. १८५३ ते १८६० या काळातले जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, हे त्यांचे पुतणे. काका सरदारघराण्यातले धाकटे पुत्र असल्यामुळे कधीच लॉर्ड झाले नाहीत. पण आपल्याकडे कोणत्याही गव्हर्नरास 'लाटसाहेब' म्हणण्याची वहिवाट, तेव्हा पेन्सिलीच्या साक्षीवर निवाडा करता येईना. मुंबईतल्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाला नाव काकांचे, तर २०१८ साली प्रभादेवी झालेल्या रेल्वे स्थानकाला पुतण्याचे, हा भेद मुंबईकरांच्याही सहसा ध्यानी नसतो.

या घोळाचे उत्तर वस्तुतः चित्राच्या खालीच असावयास हवे होते. विलायतेतल्या छापचित्रांत तळाच्या कोऱ्या पट्टीवर डावीकडे चित्रकाराचे, उजवीकडे कोरणाराचे आणि मध्ये ज्याचे चित्र त्याचे नाव कोरण्याचा प्रघात होता. शिवाय छापचित्रांच्या नकलेविरुद्ध १७३५ च्या कायद्याचे संरक्षण हवे असेल तर मालकाचे नाव व प्रसिद्धीची तारीख पट्टीवर घालणे भाग असे. माझ्या तसबिरीत ती पट्टीच नाही. कोण्या सुताराने चौकट आखूड केली आणि तिच्या मापाने कागद छाटला! अखेर उंच उभी कॉलर आणि गळ्याभोवती अनेक वेढे दिलेली पांढरी गळपट्टी, हा पुतण्याच्या कारकीर्दीच्या फार आधीचा पोशाख पाहून मी काकांच्या बाजूने कौल दिला.

काकांना तसबिरीत बसविणाऱ्यांनी त्यांच्याभोवती काहीच ठेवले नाही, याचे मात्र नवल वाटते. १८११ पासून पुण्याच्या दरबारी रेसिडेंट असलेला, दुसऱ्या बाजीरावाच्या राज्याचा शेवट घडवून आणणारा हा मुत्सद्दी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि तिच्याबरोबर त्यांची पुस्तके व कागदपत्रेही भस्मसात झाली. पुढे त्यांनीच पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. राज्य घेतले, पण इनामे, वतने, देवस्थाने यांना हात लावताना हात आखडता ठेवला. यात औदार्य किती आणि नव्या मुलखात दंगा नको हा हिशेब किती, याविषयी मतभेद असू शकेल. मला हिशेबाचे पारडे जड वाटते, आणि तरीही तो हिशेब समंजस माणसाचा होता असे म्हणावेसे वाटते. १८२७ साली ते परतावयास निघाले तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली, ती पुतळ्यापुरती न राहता शिक्षणाकडे वळली आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टनच्या नावाची विद्यासंस्था उभी राहिली. टाऊन हॉलात चँट्रीने घडविलेला संगमरवरी पुतळा आहेच. पण घरोघर पोहोचू शकली ती कागदी छबीच.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अशी तसबीर असेल, तर ती नव्याने मढविण्यास देताना कारागिरास एवढे बजावून सांगावे : चौकट हवी तर मोठी कर, पण खालच्या कोऱ्या पट्टीला कात्री लावू नकोस.