पाळीतली पोटदुखी : गोळीशिवाय उतार

कारण : गर्भाशयाच्या अस्तरातली प्रोस्टाग्लँडिन्स ही रसायने. त्यांनी स्नायू आवळतात, कळा येतात. दुखणे १ ते ३ दिवस टिकते.

• शेक : सर्वांत भरवशाचा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर किंवा कमरेवर, १५-२० मिनिटे. शाळेत पिशवी न्यायला मुली लाजतात. तिथे कपड्यांआड लपणारा हीट पॅच बरा. फार्मसीत मिळतो.

• व्यायाम : महिनाभर नियमित, आठवड्यातून किमान ३ वेळा, ४५ ते ६० मिनिटे. ऑन्टारिओतल्या स्कारबरोच्या जानेवारीत बाहेर चालवत नाही. घरातली योगासनेही चालतात.

• टेन्स यंत्र : चिकटपट्ट्यांतून विजेची सौम्य स्पंदने.

• आले : पुडीवरचे छोटे अभ्यास अनुकूल. आजीच्या ओव्याचा पुरावा तोकडा.

• समज : ‘पाळीत न्हाऊ नये’ याला आधार नाही. कोमट पाण्याने उलट आराम पडतो.

• डॉक्टर कधी : शाळा बुडते, एरवीही दुखते, दर तासाला पॅड भिजते किंवा दुखणे वाढत जाते तेव्हा. कारण एंडोमेट्रिओसिस हा आजार असू शकतो. तो किशोरवयातही होतो.

ऑन्टारिओत ८११ या क्रमांकावर नर्सचा सल्ला २४ तास, मोफत मिळतो.